चाचेगिरी की सागरी दरोडा?

जहाजावरच्या हल्ल्याची बातमी कुठे ‘चाचेगिरी’ म्हणून येते, तर कुठे ‘सागरी दरोडा’ म्हणून. दोन्ही शब्द एकाच अर्थाचे मानावेत का, असा प्रश्न आला आहे. बोलताना मानले तरी बिघडत नाही. कायद्याविषयी लिहिताना मात्र मानू नयेत, कारण गुन्हेगारांना पकडायचं कोणी, हे त्यावरच ठरतं.

संयुक्त राष्ट्रांच्या १९८२च्या सागरी कायदा कराराचं कलम १०१ पाहा. चाचेगिरी ठरायला हल्ला खासगी जहाजावरच्या माणसांनी, खासगी हेतूने, दुसऱ्या जहाजावर केलेला लागतो; शिवाय तो खुल्या समुद्रात, कोणत्याही देशाच्या हद्दीबाहेर घडावा लागतो. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतच्या प्रादेशिक समुद्रात तीच हत्यारं, तीच लूट असली तरी ती चाचेगिरी नव्हे. तो सशस्त्र दरोडा, आणि कारवाई त्या किनाऱ्याच्या देशाने करायची. म्हणूनच २००८ साली सोमालियाच्या प्रादेशिक समुद्रात परदेशी नौदलांना शिरता यावं यासाठी तिथल्या सरकारची संमती आणि सुरक्षा परिषदेचा ठराव क्रमांक १८१६, दोन्ही लागले.

दोन जहाजांची अटही महत्त्वाची. १९८५ मध्ये ‘आकिले लाउरो’ या प्रवासी जहाजाचा ताबा घेणारे त्याच जहाजावर होते. दुसरं जहाज नाही, म्हणून ही व्याख्या तिथे बसेना. अशा घटनांसाठी १९८८ साली रोममध्ये वेगळा करार झाला. अशा वेळी ‘जहाजाचं अपहरण’ हाच नेमका शब्द.

‘दरोडा’ मला पूर्ण पटत नाही. भारतीय फौजदारी कायद्यात दरोड्याला किमान पाच जण लागतात, एरवी ती जबरी चोरी. सागरी व्याख्येत संख्येची अट नाही. काटेकोर लिहायचं तर ‘जहाजावरील सशस्त्र लूट’ बरं.

आणखी एक चूक वारंवार दिसते: ‘चाच्यांना पकडणं हे प्रत्येक देशाचं कर्तव्य आहे.’ कलम १०० नुसार चाचेगिरी मोडून काढायला सहकार्य करणं बंधनकारक आहे. पकडण्याविषयीचं कलम १०५ मात्र ‘पकडू शकेल’ म्हणतं, ‘पकडलंच पाहिजे’ असं नाही. खटला चालवण्याचंही तसंच. त्यामुळे तिथे ‘अधिकार’ लिहावं. सोमालियाजवळ पकडलेल्या अनेक संशयितांवर खटला चालवायला कोणताच देश पुढे आला नाही, आणि नौदलांनी त्यांची शस्त्रं काढून घेऊन त्यांना सोडून दिलं.