घरातील प्लॅस्टिक बदलण्यासाठी आपत्कालीन निधी मोडावा का?

प्रश्न : आमचा मुलगा सात महिन्यांचा आणि मुलगी पाच वर्षांची आहे. प्लॅस्टिकमधील रसायनांविषयी वाचल्यापासून आम्हा दोघांनाही चैन पडत नाही. स्वयंपाकघरातील सर्व प्लॅस्टिक काढून काच व स्टील आणायचे, पाणी शुद्ध करणारे महागडे यंत्र हप्त्यांवर घ्यायचे आणि मुलांच्या खोलीतील व्हिनाइलचे आच्छादन उखडून लाकडी जमीन बसवायची, असा विचार आहे. एकूण खर्च चार महिन्यांच्या घरखर्चाइतका येतो. घरात सध्या एकच पगार आहे आणि आपत्कालीन निधीत पाच महिन्यांची सोय आहे. तो निधी मोडावा का, आणि मुलीच्या शिक्षणासाठीची दरमहाची गुंतवणूक वर्षभर थांबवावी का?

उत्तर : आपली काळजी अनाठायी नाही. बिस्फेनॉल ए, म्हणजेच बीपीए, हे रसायन पॉलिकार्बोनेट या कडक, पारदर्शक प्लॅस्टिकमध्ये आणि डबाबंद अन्नाच्या डब्यांच्या आतील लेपात वापरले जाते, तर थॅलेट्स ही रसायने पीव्हीसी, म्हणजेच व्हिनाइल, मऊ करण्यासाठी घालतात. दोन्ही शरीरातील संप्रेरकांच्या कामात व्यत्यय आणू शकतात. युरोपीय महासंघाने २०११ मध्ये बाळांच्या दुधाच्या बाटल्यांत बीपीएला बंदी केली आणि अमेरिकेनेही २०१२ मध्ये तशा बाटल्यांसाठीची त्याची परवानगी काढून घेतली.

मात्र धोका नेमका किती, यावर तज्ज्ञांचे एकमत नाही, आणि आपल्या निर्णयाच्या दृष्टीने हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२३ मध्ये बीपीएच्या दैनंदिन सेवनाची सुरक्षित मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे ०.२ नॅनोग्रॅमवर (एक नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग), म्हणजे आपल्याच २०१५ च्या मर्यादेच्या वीस हजारांश इतकी, खाली आणली. जर्मनीच्या जोखीम मूल्यांकन संस्थेने त्या पद्धतीशी असहमती नोंदवून याच्या हजारपट सैल मर्यादा सुचवली. जाणत्या संस्थांच्या आकड्यांत हजारपटीचे अंतर असताना या जोखमीचे मोल पैशात मांडणे मला शक्य नाही. अशा वेळी मी प्रत्येक खर्चाला दोनच प्रश्न विचारतो : यामुळे मुलांच्या पोटात जाणारे रसायन खरोखर कमी होईल का, आणि त्यासाठी घराची दुसरी कोणती सुरक्षा काढून घ्यावी लागेल?

या कसोटीवर स्वयंपाकघराचा खर्च उजवा ठरतो, पण तोही सगळा नाही. रसायने आणि सूक्ष्म कण प्लॅस्टिकमधून सुटतात ते मुख्यतः उष्णतेने, तेला-तुपाच्या संपर्काने आणि झिजेने. थंड, कोरडे धान्य ठेवलेला डबा आणि गरम दूध भरलेली बाटली यांना एकाच दिवशी घराबाहेर काढण्याचे कारण नाही. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संशोधकांना २०२० मध्ये असे आढळले की, पॉलिप्रॉपिलीन या बीपीए नसलेल्या प्लॅस्टिकच्या बाटलीत नेहमीच्या पद्धतीने पावडरचे दूध तयार केले, तर लिटरमागे एक कोटी साठ लाखांपर्यंत सूक्ष्म कण त्यात मिसळू शकतात आणि पाण्याचे तापमान वाढले की ही संख्या झपाट्याने वाढते. म्हणजे बाटलीवर ‘बीपीए-मुक्त’ लिहिले आहे, एवढ्यावर विषय संपत नाही. शिवाय बीपीएच्या जागी अनेकदा त्याच्याच जातकुळीतले बिस्फेनॉल एस वापरले जाते. आपले बाळ वरचे दूध घेत असेल, तर पावडर काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात गरम पाण्यात कालवा, दूध कोमट झाल्यावरच बाटलीत भरा. या बदलाला जवळजवळ काहीच खर्च नाही. बाटलीच काचेची घेतली तर उत्तम. त्यानंतर मायक्रोवेव्हमध्ये जाणारी भांडी, गरम जेवणाचे डबे, आणि वारंवार उकळून पांढुरकी पडलेली किंवा ओरखडे उमटलेली प्रत्येक वस्तू बदला. तळाशी त्रिकोणात ३ हा आकडा असेल तर ते पीव्हीसी. ७ मध्ये इतर प्रकारांबरोबर पॉलिकार्बोनेटही येते, म्हणून ही दोन आधी काढा. एवढे सर्व एक-दोन महिन्यांच्या चालू खर्चातून, हौसेच्या खरेदीला थोडा आळा घालून, सहज बसेल. ते याच महिन्यात सुरू करा.

पाण्याचे यंत्र हप्त्यांवर घेऊ नका. त्याची टाकी आणि नळ्या बहुधा प्लॅस्टिकच्याच असतात, ठरावीक काळाने गाळण्या बदलण्याचा खर्च जाहिरातीत दिसत नाही, आणि ‘बिनव्याजी’ म्हटलेल्या हप्त्यातही प्रक्रिया शुल्क असू शकते. आधी पाण्याची तपासणी करून घ्या; त्यात दोष निघाला, तर त्या दोषापुरते साधन घ्यावे.

खोलीचा प्रश्न मी हलका मानत नाही. मऊ व्हिनाइलमधील थॅलेट्स घरातल्या धुळीत उतरतात, आणि रांगणारे बाळ ती धूळ हातांनी थेट तोंडात नेते. पण त्यावरचा स्वस्त उपाय बराच परिणामकारक आहे : जमीन रोज ओल्या फडक्याने पुसणे, खेळण्याच्या जागी धुता येणारी जाड सुती सतरंजी घालणे आणि बाळाचे हात वारंवार धुणे. थॅलेट्स आणि बीपीए शरीरात वर्षानुवर्षे साचून राहत नाहीत, साधारण दिवसभरात बरेचसे लघवीवाटे निघून जातात. त्यामुळे रोजचा संपर्क घटवल्याचा फायदा लगेच मिळू लागतो. लाकडी जमिनीसाठी वेगळी बचत सुरू करा आणि आच्छादन झिजून बदलायला येईल तेव्हा ती वापरा. त्या वेळी गोंद आणि पॉलिश कशाचे आहे, हेही विचारा, कारण त्यांतूनही वाफा सुटतात.

आता निधीविषयी. एका पगाराच्या घरात पाच महिन्यांची सोय मुळातच बेताची आहे. चार महिन्यांची रक्कम काढली आणि पुढच्याच तिमाहीत नोकरी गेली किंवा घरात कोणाला रुग्णालयात ठेवावे लागले, तर महिनाभरात आपण कर्जाच्या दारात उभे राहाल, आणि त्या ओढाताणीत पहिली कात्री मुलांच्या आहारावर व औषधोपचारावर चालते. म्हणून हा निधी मोडू नका. मुलीची गुंतवणूकही थांबवू नका; फारच ओढ लागली तर दोन-तीन महिने रक्कम कमी करा, पण खंड पाडू नका. आपल्या पत्रात कमावत्या व्यक्तीच्या मुदत विम्याचा आणि कुटुंबाच्या आरोग्य विम्याचा उल्लेख नाही. ते नसतील, तर यंत्राच्या हप्त्यासाठी जी रक्कम काढणार होता, ती आधी त्यांच्या हप्त्याकडे वळवा.