ताई, कोर्टात चुकलो तर?

“मॅडम, आत्ता कुठे तो विसरायला लागलाय. कोर्टात नेऊन पुन्हा तेच उकरायचं का?”

मुलांची समुपदेशक म्हणून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की आई-वडील खुर्चीत बसले, समन्सचा कागद टेबलावर ठेवला, की ते येणार हे मला कळतं. कधी मुलालाच मारहाण झालेली असते, कधी कोणी अंगचटीला आलेलं असतं, कधी डोळ्यांदेखत घरातल्या माणसावर वार झालेला असतो. टाके निघतात, शाळा सुरू होते, घर जरा श्वास घ्यायला लागतं, आणि मग कोर्टाचा कागद येतो. गेल्या दिवाळीनंतर तीन घरांनी मला हाच प्रश्न विचारला. त्यांच्यासाठी, आणि आणखी ज्यांच्या मनात तो आहे त्यांच्यासाठी, सार्थकची गोष्ट सांगते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

सार्थक दहा वर्षांचा. घर पुण्यात, सिंहगड रस्त्याच्या बाजूला. वडील रिक्षा चालवतात, आई केटरिंगवाल्यांकडे पोळ्या लाटायला जाते. वस्तीत एका रात्री पोरांनी उभ्या गाड्यांच्या काचा फोडल्या. वडील अडवायला गेले. कोयता निघाला. सार्थक रिक्षात मागच्या सीटवर होता, त्यानं हात पुढे केला. वडिलांच्या खांद्याला आणि याच्या डाव्या हाताला लागलं. अकरा टाके. त्या तीन पोरांपैकी एकावर सेशन्स कोर्टात खटला उभा राहिला, अठराच्या आतल्या दोघांचं प्रकरण येरवड्याला बाल न्याय मंडळापुढे गेलं.

आईनं त्याला माझ्याकडे आणलं ते मात्र शाळेतल्या तक्रारीमुळे. बाई म्हणत होत्या, हा वर्गात तोंड उघडत नाही. आधी पाढे खडाखडा म्हणायचा, आता उभं केलं की खाली बघतो. पंधरा दिवसांवर साक्षीची तारीख होती.

“झोप कशी आहे त्याची?” मी विचारलं.

“झोपतो की. पण झोपायच्या आधी मी रोज एकदा त्याच्याकडून म्हणवून घेते.”

“काय म्हणवून घेता?”

“ते सगळं. किती वाजता, कोण कुठे उभं होतं, कोणत्या हातात काय होतं. समोरचा वकील फिरवून विचारतो म्हणे. गडबडायला नको.”

म्हणजे ज्या आठवणी कोर्टात एका दिवसात उकरल्या जातील म्हणून ती माउली धास्तावली होती, त्या ती स्वतः रोज रात्री उकरत होती. तिला दोष देण्यासाठी हे सांगत नाही. तिच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं. आपल्याकडे अभ्यास म्हणजे पाठांतर, आणि पोराच्या भल्याची गोष्ट आली की आपण त्याच्याकडून पाठ करून घेतो.

साक्ष व्हायची असेल तर मी मुलाला घटनेबद्दल एक अक्षर विचारत नाही. काही पालकांना हे विचित्र वाटतं. मग मॅडम करतात तरी काय? पण त्याच्या आठवणीत माझे शब्द मिसळले तर नुकसान त्याचंच आहे. मोठ्यांनी पढवलेल्या मुलाच्या साक्षीकडे न्यायालय सावधपणे पाहतं, आणि ते बरोबरच आहे. शिवाय इतक्या वर्षांत माझा एक विश्वास पक्का झाला आहे: मुलाला प्रश्नांनी खोदायचं नसतं. त्याला खेळायला जागा द्यायची, वेळ द्यायचा, घाई करायची नाही. जे बोचतंय ते तो आपणहून मांडतो.

माझ्या खोलीत लाकडी ठोकळे आणि माणसांच्या छोट्या बाहुल्या आहेत. पहिल्या दोन भेटींत सार्थकनं क्रिकेटचं मैदान मांडलं. तिसऱ्या भेटीत त्यानं एक उंच खुर्ची केली, तिच्यावर टोपीवाला बाहुला बसवला. समोर सगळ्यात लहान बाहुली एकटी उभी केली. बाकी मैदान रिकामं.

टोपीवाला म्हणाला, “सांग.”

लहान बाहुली एका दमात काहीतरी पुटपुटली.

“चुकलं. परत.”

पुन्हा पुटपुटणं. “चुकलं. परत.” असं सहा-सात वेळा झालं. त्याचा आवाज चढत गेला, कपाळावर घाम आला. मी हळूच विचारलं, “हा चुकला तर काय होतं रे?”

सार्थक माझ्याकडे न बघता म्हणाला, “मग तो दादा सुटतो. आणि मग पप्पांना परत मारतो.”

ते ऐकून मी थोडा वेळ काही बोललेच नाही. त्याला वाराची भीती होतीच, पण ती त्यानं कुठेतरी ठेवायला शिकून घेतली होती. दहा वर्षांच्या पोराला पेलवत नव्हतं ते दुसरंच ओझं. अख्खा खटला आपल्या एकट्याच्या जिभेवर टांगलाय, एक वेळ चुकली, एक रंग चुकला, तर बापाचा जीव आपल्यामुळे जाईल. घरात कोणीतरी, मायेनंच, म्हणालं असणार, “तू नीट बोललास तरच त्याला शिक्षा होईल.” वर्गात तो गप्प झाला होता तो म्हणूनच. जिथे चुकू शकतो तिथे तोंडच उघडायचं नाही.

मी बाहुल्यांचा डबा त्याच्यापुढे सरकवला. “कोर्टात आणखी कोण कोण येणार आहे, माहितीये?”

“मी आणि पप्पा.”

“तुझा हात कोणी शिवला?”

“डॉक्टरांनी.” त्यानं डॉक्टर उभा केला.

“पोलिसांनी येऊन सगळं लिहून घेतलं होतं ना?” पोलीस आला. पंच म्हणजे पंचनाम्याचे साक्षीदार, हे मी सांगितलं, तर त्यानं दोन बाहुल्या ठेवल्या. मग स्वतःच म्हणाला, “मेडिकलवाल्या काकांच्या दुकानाला कॅमेरा आहे.” कॅमेऱ्यासाठी बाहुली नव्हती, त्यानं खोडरबर ठेवलं. मैदान भरलं. तो बराच वेळ बघत राहिला.

“एवढे सगळे येणार?”

“ज्यांना बोलावतील ते येणार. जो तो आपापलं सांगणार. तुला फक्त तुझं सांगायचंय, जेवढं आठवतं तेवढं. शिक्षा द्यायची की नाही हे जजसाहेबांचं काम आहे, तुझं नाही.”

“आणि आठवलं नाही तर?”

“तर म्हणायचं, आठवत नाही.”

“चालतं?” असं त्यानं ज्या चेहऱ्यानं विचारलं, तो चेहरा मी विसरणार नाही. त्यानं लहान बाहुली उचलली आणि टोपीवाल्याला ठणकावून सांगितलं, “आठवत नाही!” मग चार वेळा, मोठमोठ्यानं, हसत. त्या दिवशी माझं काम झालं होतं. वीस वर्षं याच व्यवसायात काढल्याचं सार्थक वाटावं असे दिवस थोडे असतात, हा त्यातला एक.

त्याच संध्याकाळी आईशी बोलले. “आजपासून रात्रीचं म्हणवून घेणं बंद करायचं.”

“आणि तिथे अडखळला तर?”

“अडखळू दे. खरं आठवणारं मूल अडखळतंच.”

ती रडली. म्हणाली, “मी त्याचं वाटोळं केलं का हो?” मी म्हटलं, “तुम्ही त्याला एकटं सोडलं नाही. फक्त आता जागा बदला. मास्तरणीच्या जागेवरून उठा आणि आई होऊन शेजारी बसा.”

आता ज्या पालकांच्या हातात समन्स आहे त्यांच्यासाठी. आधी सरकारी वकिलांना भेटा, तारखेच्या दिवशी घाईत नाही, चार-आठ दिवस आधी. मूल घाबरलेलं आहे, आरोपी समोर दिसू नये, हे त्यांना सांगा आणि तसा अर्ज करायची विनंती करा. मुलांसारख्या साक्षीदारांसाठी वेगळी, निवांत केंद्रं हवीत हे सर्वोच्च न्यायालयानं २०१७ आणि २०२२ साली सांगितलं आहे, दुसऱ्या वेळी तर प्रत्येक जिल्ह्यात. आणि ही दोन्ही प्रकरणं आपल्या महाराष्ट्रातलीच. मागितल्याशिवाय पुष्कळदा मिळत नाही, म्हणून मागा. बारा वर्षांखालच्या मुलाला शपथेचा अर्थ कळत नसला, पण खरं बोलायचं असतं हे कळत असलं, तर शपथेविनाही त्याची साक्ष घेता येते. जज आधी नाव, शाळा, खरं-खोटं असं साधंच विचारतात. त्याला मूल परीक्षा समजतं, तेवढं घरी सांगून ठेवा. पंधरा वर्षांच्या आतल्या मुलाला पोलिसांनी जबाबासाठी चौकीत बोलवायचं नसतं, तो राहतो तिथे जायचं असतं, हेही पुष्कळांना माहीत नसतं.

गुन्हा लैंगिक असेल तर २०१२ चा पॉक्सो कायदा मुलाला आणखी आधार देतो: बंद दाराआड सुनावणी, आरोपीच्या वकिलाचे प्रश्न थेट नाहीत तर न्यायाधीशांमार्फत, मधून मधून विश्रांती, आणि बाल कल्याण समितीकडून सोबतीला एक सहायक व्यक्ती. वकील परवडत नाही म्हणून गप्प बसू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मुलांना मोफत वकील मिळतो, त्याला घरच्या उत्पन्नाची अट नाही. नुकसानभरपाईची चौकशीही तिथेच करा.

“न्यायचंच नाही” हा पर्याय मला पटत नाही. समन्स आल्यावर तो मुळात आपल्या हातातही नसतो. पण त्यापलीकडे, ज्या मुलाला आपलं सांगणं मोठ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं असा अनुभव येतो, ते मूल तिथून ताठ मानेनं बाहेर पडताना मी पाहिलं आहे. मोडतं ते एकटेपणानं, आणि न संपणाऱ्या तारखांनी. तारीख आठवडाभर आधी घोकत बसू नका, आदल्या संध्याकाळी सांगा. पुढची तारीख पडली तर “आज जजसाहेबांना वेळ नव्हता, तुझं काही चुकलं नाही” हे शब्द उच्चारून सांगा. न सांगितलेलं सगळं मूल स्वतःवर ओढून घेतं.

साक्षीच्या आधी एका दुपारी आम्ही सार्थकला शिवाजीनगरचं कोर्ट दाखवायला नेलं. स्वारगेटहून मेट्रोनं गेलो. कोर्टाजवळचं स्थानक जमिनीखाली तेहेतीस मीटर आहे हे ऐकल्यावर त्याला कोर्टापेक्षा सरकत्या जिन्यांतच रस वाटू लागला, आणि मला तेच हवं होतं. आता त्या जागेला एक चांगली आठवण चिकटली होती.

अर्ज मंजूर झाला. साक्ष वेगळ्या खोलीत झाली, मी शेजारी बसले होते. बोलायची मला परवानगी नव्हती आणि गरजही पडली नाही. बचावाच्या वकिलांनी शर्टाचा रंग विचारला. सार्थकनं क्षणभर विचार केला. “आठवत नाही.” मग त्यांनी विचारलं, “हे सगळं तुला आईनं शिकवलंय ना?” आई बाहेर बाकावर होती. माझ्या पोटात गोळा आला.

“आधी आई म्हणवून घ्यायची,” तो म्हणाला. “नंतर म्हणाली, ते सोड, तुला जे दिसलं तेच सांग. म्हणून जे दिसलं तेच सांगतोय.”

जजसाहेबांनी ते शब्दशः लिहून घ्यायला सांगितलं.

निकाल अजून लागलेला नाही. पुढे काय होईल ते मला सांगता येत नाही आणि सार्थकही ते विचारत नाही. मागच्या आठवड्यात त्याच्या बाईंचा फोन आला. पाढे घेत होत्या, सार्थकला उभं केलं. तो खाली बघेल म्हणून त्या पुढच्या मुलाकडे वळणार, तेवढ्यात तो म्हणाला, “बाई, सतराचा अर्धाच येतो. सतरा सातेपर्यंत म्हणू?”

“म्हण,” बाई म्हणाल्या. त्यानं तेवढा म्हटला.