सीनियरचा कोड तुझ्या लॅपटॉपवर का चालत नाही?

प्रश्न : मॅडम, मी वसईची. कॉम्प्युटर डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. ग्रंथालयातल्या पुस्तकांच्या देवघेवीचा प्रोजेक्ट पीएचपी आणि मायएसक्यूएलमध्ये करतेय. सीनियरने दिलेला कोड झॅम्पवर (लॅपटॉपवरच पीएचपी आणि मायएसक्यूएल डेटाबेस चालवणारं पॅकेज) टाकला, तर ‘कॉल टू अनडिफाइन्ड फंक्शन मायएसक्यूएल_कनेक्ट’ अशी एरर येते. त्याच्याकडे हाच कोड चालायचा. जुनं झॅम्प टाकून बघू का?

उत्तर : जुनं झॅम्प मुळीच टाकू नकोस. मायएसक्यूएल_कनेक्ट आणि त्याच्या जोडीची सगळी फंक्शन्स २०१५ साली आलेल्या पीएचपी ७ मधून काढून टाकली आहेत. आता पीडीओ, म्हणजे डेटाबेसशी जोडणी करायची पीएचपीतली दुसरी सोय, वापर. त्याला होस्ट, डेटाबेसचं नाव, युजर आणि पासवर्ड एवढंच लागतं. ताज्या झॅम्पवर होस्ट ‘लोकलहोस्ट’, युजर ‘रूट’ आणि पासवर्ड रिकामा असतो. सोबत चारसेट (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ८एमबी४ द्यायला विसरू नकोस, नाहीतर मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसू शकतात. हे सगळं एकाच फाइलमध्ये ठेव आणि बाकीच्या पानांत ती फाइल रिक्वायर कर.

पण माझी खरी काळजी वेगळी आहे. अशा जुन्या कोडमध्ये फॉर्ममधलं नाव सरळ क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला द्यायच्या आज्ञेत, जोडलेलं असतं. तू वसईची, तेव्हा वर्गात डि'मेलो, डि'सूझा असणारच. त्यांच्यातल्या एखाद्याचं नाव सभासद म्हणून भरून बघ. क्वेरीत नाव एकेरी अवतरणात असतं. डि'मेलोमधलं ते चिन्ह आलं की मायएसक्यूएलला वाटतं, नाव ‘डि’पाशीच संपलं. पुढचं ‘मेलो’ त्याला आज्ञेचा भाग वाटतं आणि सिंटॅक्स एरर येते. मुलीचं नाव अगदी बरोबर आहे, तरी तिला सभासद होता येत नाही! लॉगिनच्या चौकटीत मुद्दाम असं चिन्ह टाकून पासवर्डशिवाय आत शिरतात तेही याच फटीतून. एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात ते हेच.

उपाय सोपा आहे. क्वेरीत नावाच्या जागी नुसतं प्रश्नचिन्ह लिही, अवतरणं न देता : ‘इन्सर्ट इंटू सभासद (नाव) व्हॅल्यूज (?)’. ती पीडीओच्या प्रिपेअर फंक्शनला दे आणि खरं नाव एक्झिक्यूट फंक्शनला ॲरेमध्ये वेगळं दे. मग नावात काहीही असलं तरी ते नावच राहतं, आज्ञा होत नाही. प्रत्येक पानावरची क्वेरी अशी बदल, दोन-चार संध्याकाळी गेल्या तरी चालतील. एक्स्टर्नलने, म्हणजे बाहेरच्या परीक्षकांनी, विचारलं, तर डि'मेलोचं उदाहरण त्यांच्यासमोर चालवून दाखव.

कॉलेजच्या मशीनवर प्रोजेक्ट नेताना मुलं एचटीडॉक्समधलं (झॅम्पमध्ये कोड ठेवायची जागा) फोल्डर उचलतात आणि डेटाबेस घरीच राहतो, कारण तो त्या फोल्डरमध्ये नसतोच. पीएचपीमायॲडमिनमध्ये (झॅम्पसोबत येणारं, डेटाबेस हाताळायचं साधन) एक्स्पोर्ट करून एसक्यूएल फाइल पेनड्राइव्हवर घे, तिकडे त्याच नावाचा रिकामा डेटाबेस बनव आणि इम्पोर्ट कर. लॅबमध्ये रूटला पासवर्ड असेल, तर तो कनेक्शनच्या फाइलमध्ये टाकला की झालं. हे सगळं आदल्या दिवशीच करून बघ.