लाटांवरचा वाऱ्याचा ताण

प्रश्न: मिरामार किनाऱ्याजवळच्या कामासाठी दाबोळीच्या पठारावरचा वाऱ्याचा वेग वाऱ्याच्या ताणाच्या (वारा पाण्याच्या पृष्ठभागाला लावतो त्या ओढीच्या) सूत्रात घातला तर चालेल का? (एक वाचक, पणजी)

उत्तर: नको. ताण वेगाच्या वर्गावर ठरतो. वेग 20 टक्के जास्त धरला की ताण 44 टक्के फुगतो. शिवाय खुल्या समुद्रासाठी सूत्रात वापरतात तो 0.0012 च्या आसपासचा ओढीचा गुणांक उथळ पाण्यातल्या तीव्र चढाच्या लाटांवर बहुधा कमी पडतो. पाण्यातच खांब रोवून सॉनिक अ‍ॅनिमोमीटर (ध्वनिलहरींनी वारा मोजणारं यंत्र) लावा. तो समुद्राच्या बाजूला लांब काढलेल्या आडव्या दांड्यावरच हवा, नाहीतर खांबाने अडवलेला वाराच मोजाल. सेकंदाला 20 नोंदी, 30 मिनिटांचे तुकडे. यंत्र एक अंश कललं तरी ताण दहा टक्क्यांहून जास्त चुकू शकतो. तो कल गणितात दुरुस्त कराच. पावसाचे थेंब सेन्सरवर बसतात, त्या नोंदी गाळा. पहाटेचा जमिनीवरून येणारा वारा वेगळा ठेवा.