बाकावर बसलेल्या खेळाडूस

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद. तुझी आई सांगत होती, तू मैदानाकडे फिरकतच नाहीस. कबड्डीचा विषय निघाला की उठून जातोस. लिगामेंट फाटण्याचं दुखणं मी माझ्या गुडघ्यात भोगलंय, त्यामुळे ‘काही होत नाही रे’ असं मी म्हणणार नाही.

एका पोराची हकिकत मात्र सांगतो. साल 1912, अमेरिकेतली वेस्ट पॉइंट लष्करी अकादमी. तिथला फुटबॉल म्हणजे चेंडू काखेत मारून पळायचं आणि समोरच्यांनी झेपावून पाडायचं. तुला आपल्या पकडींची आठवण येईल. बावीस वर्षांचा आयसेनहॉवर संघात होता. 9 नोव्हेंबरला कार्लाइल इंडियन स्कूलशी, म्हणजे अमेरिकेतल्या मूळनिवासी मुलांच्या शाळेशी, गाठ पडली. त्यांचा जिम थॉर्प त्याच वर्षी स्टॉकहोम ऑलिंपिकमधून दोन सुवर्णपदकं घेऊन आलेला. वेस्ट पॉइंट 27-6 हरलं. पुढच्या आठवड्यात टफ्ट्स कॉलेजशी खेळताना आयसेनहॉवरचा गुडघा दुखावला. आणि हे नीट वाच: तो पुरता बरा व्हायच्या आत हा घोडेस्वारीच्या कवायतीत उतरला आणि तोच गुडघा कायमचा घालवून बसला. इतका खचला की अकादमी सोडायचा विचार करू लागला.

सोडली नाही. आपल्या संघासाठी चिअरलीडर होऊन ओरडला, कनिष्ठ संघाला शिकवू लागला. 1915 मध्ये गुडघ्यापायी अधिकारपदच हुकायची वेळ आली होती. ते मिळालं, आणि टेक्सासमध्ये नेमणूक झाल्यावर तिथेही तो पोरांना फुटबॉल शिकवत राहिला.

दुसऱ्या महायुद्धात, 6 जून 1944 ला, दीड लाखाहून अधिक सैनिक फ्रान्सच्या नॉर्मंडीत उतरले, तेव्हा त्या दोस्त फौजांचा सरसेनापती हाच. फुटबॉलनं सेनापती घडवला असं मी म्हणणार नाही. मधे तीस वर्षांची मेहनत आहे. पण आदल्या संध्याकाळी तो विमानात चढणाऱ्या छत्रीधारी सैनिकांमध्ये जाऊन एकेकाशी बोलला, तू कुठला, घरी कोण असतं विचारत. उडी त्यांनी मारायची होती, याला मागे थांबायचं होतं. असं मागे थांबणं तो मैदानाच्या कडेला शिकला, असं मला मनापासून वाटतं.

फिजिओ सांगेपर्यंत धावायचं नाही. पण सोमवारी सहाला मैदानावर ये, वही घेऊन ये. आपला लेफ्ट कॉर्नरचा पोरगा घोटा धरायला घाई करतो आणि रेडर निसटतो. माझं तो ऐकत नाही. तुझं ऐकेल.

तुझा,
सर