पडद्याचं ऑपरेशन आणि त्याच दिवशी घरी?

प्रश्न: आईचं वय 67, उजव्या डोळ्याचा पडदा सरकलाय. उद्या ऑपरेशन आहे, आत गॅस भरणार आणि संध्याकाळी घरी न्या म्हणतात. एवढं नाजूक ऑपरेशन आणि एक रात्रही ठेवून घेत नाहीत, हे सेफ आहे का? नजर पहिल्यासारखी येईल ना?
– एक काळजीत असलेली मुलगी

उत्तर: तुमची काळजी समजते, पण घरी नेण्याची भीती बाळगू नका. पूर्वी डोळ्याला मोठा छेद द्यायचे, टाके घालायचे, म्हणून दवाखान्यात राहावं लागायचं, आता जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या छिद्रांतून काम होतं आणि ती छिद्रं बहुतेक वेळा टाक्याशिवायच मिटतात, भूलही साधारण फक्त डोळ्यापुरती असते. आत इन्फेक्शन होणं फार दुर्मिळ, हजारात एखाद्यालाही होत नाही, आणि रात्र दवाखान्यात काढली म्हणून ते टळतं असंही नाही.

खरी काळजी डोळ्याच्या प्रेशरची. गॅसमुळे ते पहिल्या रात्रीच वाढू शकतं, म्हणून दुसऱ्या दिवशीची तपासणी काही झालं तरी चुकवायची नाही. थोडं टोचणं, लाली, पाणी येणं चालतं, पण दुखणं वाढतच गेलं, उलट्या व्हायला लागल्या, पू आला किंवा नजर आणखी कमी झाली तर सकाळची वाट बघू नका, लगेच फोन करा. रात्रीचा नंबर आजच मागून ठेवा. आई एकटी राहत असेल, दुसऱ्या दिवशी आणणारं कोणी नसेल किंवा दुसऱ्या डोळ्याने आधीच दिसत नसेल तर मात्र एक रात्र ठेवून घ्या असं स्पष्ट सांगा, यात संकोच कसला.

गॅस असेपर्यंत विमानप्रवास अजिबात नाही, उंच घाटात जायचं असेल तरी आधी विचारा, कारण वर गेल्यावर बुडबुडा फुगतो आणि प्रेशर एकदम चढतं. गॅसच्या प्रकारानुसार तो 2 आठवडे ते 2 महिने राहतो. या काळात दुसरं कुठलंही ऑपरेशन निघालं तर भूल देणाऱ्यांना गॅसबद्दल सांगायचंच, नायट्रस ऑक्साइड दिला तर डोळा कायमचा जाऊ शकतो. मान कशी ठेवायची, कुठल्या कुशीवर झोपायचं ते पडदा कुठे फाटलाय त्यावर ठरतं, सगळ्यांनाच पालथं झोपावं लागत नाही.

आता नजर. एका ऑपरेशनमध्ये पडदा बसण्याचं प्रमाण शंभरात 85 ते 90, बाकीच्यांना पुन्हा करावं लागतं. पण पडदा बसणं वेगळं आणि नजर येणं वेगळं, हे आधीच कळलेलं बरं. पडद्याचा मधला भाग, मॅक्युला, अजून जागेवर असेल तर नजर चांगली टिकते, म्हणूनच घाई करतात. तो सरकला असेल तर सुधारणा होते पण हळूहळू, कित्येक महिने, आणि वाचताना अक्षरं थोडी वाकडी दिसणं राहू शकतं. सुरुवातीला गॅसमुळे जवळपास काहीच दिसत नाही, मग वरून खाली साफ होत येतं, तेव्हा पहिल्या आठवड्यात घाबरून जाऊ नका. या वयात पुढच्या 2 वर्षांत त्या डोळ्यात मोतीबिंदू बहुतेक होतोच, तो काढता येतो.

आईची मॅक्युला जागेवर आहे का, हे उद्या ऑपरेशनआधीच विचारा. आणि डावा डोळाही बाहुली मोठी करून नीट तपासून घ्या, तिथे पडदा कुठे फाटला असेल तर तो सरकायच्या आत लेझरने रोखता येतो.