स्क्रोल सॉवर पहिला पक्षी कोणता करावा? मोर नको, पिंगळा घ्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात राहून स्क्रोल सॉवर (बारीक उभ्या ब्लेडच्या करवत-मशीनवर) इंटार्सियाचे, म्हणजे वेगवेगळ्या लाकडांचे तुकडे जोडून केलेले पक्षी करता येतील का, विदेशी व्हिडिओत दिसतं ते वॉलनट, मेपल, सीडर इथे कुठून आणायचं, आणि सुरुवात मोरापासून केली तर चालेल का.

करता येतील. वॉलनट विसरा. आणि मोर तर नकोच.

मी अर्जुनी मोरगाव तालुक्यातला. माझं जळालेल्या मोटारींचं वाइंडिंग भरून देण्याचं दुकान आहे. शेतातल्या पंपांचा सीझन संपला की हात रिकामे असतात, तेव्हा हे काम करतो. सहा-सात वर्षं झाली, बिघडवलेले पक्षी टिकलेल्यांपेक्षा जास्त आहेत.

इंटार्सियात रंग लावायचा नसतो. लाकडाचा जो अंगचा रंग आहे, तोच पिसांचा रंग. म्हैसूरच्या शिसवी जडावकामात लाकूड कोरून त्या खाचेत तुकडे बसवतात. इथे मात्र प्रत्येक तुकडा वेगळा कापून, कडा गोल घासून, कमी-जास्त उंचीवर एकमेकांना भिडवून मागच्या प्लायवर चिकटवायचा. आता सांगा, मोराच्या मानेचा निळा कोणत्या झाडात मिळणार? म्हणूनच राघू, नीलकंठ आणि आपला राज्यपक्षी हरियलही बाद. लोक आधी पक्षी ठरवतात, मग लाकूड शोधत फिरतात आणि शेवटी ऑइलपेंटचा डबा उघडतात. तुम्ही आधी घरामागे पडलेलं लाकूड पाहा, पक्षी त्यातूनच ठरेल.

रंगांच्या बाबतीत आपण श्रीमंत आहोत. हळदू पिवळा, शिवण फिकट, साग सोनेरी तपकिरी, बाभळीचा गाभा लालसर, शिसव जांभळट काळा. तेंदूचा गाभा तर काळाकुट्ट निघतो, पण बारीक ब्लेड पटापट तोडतो. बिजा दिसायला देखणा, मात्र पाण्यात रंग सोडतो (शुगरवाले ज्याच्या पेल्यातलं पाणी पितात तोच हा). त्याच्या शेजारी शिवण ठेवायची असेल तर बिज्याला आधी पॉलिशचा एक हात मारून घ्या. कोणताही तुकडा पॉलिशनंतर कसा दिसेल हे कळायला ओला अंगठा फिरवा. जो रंग उमटेल, साधारण तोच शेवटी राहतो.

लाकूड आणायचं ते कवेलूची घरं पाडून स्लॅब टाकताहेत तिथून. जुने सागाचे फाटे, चौकटी, मोडकी दारं. चाळीस-पन्नास वर्षं वाळलेलं असं लाकूड विकतही मिळत नाही. फक्त लोहचुंबक फिरवून खिळे काढून घ्या. जंगलातून ओंडका आणायच्या भानगडीत पडू नका. शेतातला साग तोडायलाही 1964 च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे आधी परवानगी लागते.

वाळलेल्या लाकडावर मी एवढा अडून का बसलो, तेही सांगतो. माझा पहिला मोठा पक्षी हळद्या. आरा मशीनवरून हळदूची ताजी फळी आणली आणि श्रावणात चिकटवून मोकळा झालो. आमच्या गावचे म्हातारे वाढई तेव्हाच म्हणाले होते, “अबे, थे अजून ओलं आहे, कायले घाई करतं?” ऐकलं नाही. मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला आणि पंख व छातीच्या मधल्या फटीत नख जाऊ लागलं. आता फळी इंचभर जाड असेल तर वर्षभर सावलीत, मधे पट्ट्या घालून रचून ठेवतो.

पहिला पक्षी म्हणून रानपिंगळा घ्या. आपल्या मेळघाटात आहे. 1884 नंतर त्याची खात्रीची नोंदच नव्हती, 113 वर्षांनी 1997 मध्ये शहाद्याजवळच्या जंगलात तो पुन्हा सापडला. पण मी सुचवतोय ते त्याच्या रंगासाठी: डोकं जवळपास बिनठिपक्यांचं, छातीवर तपकिरी पट्टा, पोट पांढुरकं. डोळे सोडले तर साग आणि शिवण, दोनच लाकडांत काम होतं. उंची 23 सेंटीमीटरच्या आसपास, म्हणजे खऱ्या मापाचा करता येतो.

सगळा जीव डोळ्यात. हळदूची 10 मिलिमीटरची चकती कापायची, पण सुटी कापलीत तर ती टेबलाच्या भोकातून खाली जाते किंवा उडते. ती फळी टाकाऊ प्लायवर दुहेरी टेपने चिकटवा आणि दोन्ही मिळून कापा. बाहुलीसाठी मधे भोक पाडून शिसवाची काडी ठोका. त्या काळ्यात 2 मिलिमीटरचं भोक, त्यात फेविकॉल लावलेली टूथपिक, आणि वरचा भाग पटाशीने सपाट. तो पांढरा ठिपका दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला हवा. मी एकदा दोन बाजूंना केला, पिंगळा तिरळा झाला. पोरीने तोच ठेवून घेतला.

चोच सगळ्यात उंच, गाल खोल. उंची वाढवायला तुकड्याखाली 3 मिलिमीटरची प्लाय सरकवायची, जाड लाकूड वाया घालवायचं नाही.

मशीनबद्दल दोनच गोष्टी. ब्लेड टेबलाशी काटकोनात हवं, नाहीतर तुकडे वरून भिडतात आणि खालून फट राहते. जाड तुकड्याला जराशी खाच पाडा, तो फिरवून ब्लेडच्या मागच्या बाजूला आणा. ब्लेड खाचेत अलगद बसलं तर काटकोन बरोबर. दुसरं व्होल्टेज. आमच्याकडे संध्याकाळी ते 170 पर्यंत उतरतं, मोटार गुरगुरते आणि ब्लेड अडकतं. तेव्हा रेटू नका, वाइंडिंग जळेल. माझ्या धंद्याच्या विरुद्ध सल्ला आहे, पण खरा आहे.

आणि मास्क चांगला घ्या, उन्हाचा दुपट्टा बांधून भागत नाही. शिसवाचा भुसा काहींच्या अंगाला चालत नाही, त्यांतला मी एक. पहिल्यांदा शिसव कापलं आणि तीन दिवस मान खाजवत दुकानात बसलो होतो. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक विचारायचं, “भाऊ, खाजकुहिरीत गेलता का?”